सिंगापूरच्या तोफा आणि साम्राज्याची दृष्टी



सिंगापूर बेटाच्या पूर्व टोकाला चांगी नावाचा भाग आहे. आज हे नाव जगाला ठाऊक आहे ते तेथील विमानतळामुळे. याच भागात एका शांत रस्त्याच्या कडेला एका प्रचंड तोफेची प्रतिकृती उभी आहे. मूळ तोफ आता अस्तित्वात नाही. तिच्याखालची दारूगोळ्याची कोठारे अनेक वर्षे विस्मरणात गेली होती. १९९१ साली तुरुंग खात्याच्या आवारात ती पुन्हा सापडली आणि १५ फेब्रुवारी २००२ रोजी, म्हणजे सिंगापूरच्या शरणागतीला बरोबर साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, तेथे स्मारक उघडण्यात आले. या ठिकाणाचे नाव जोहोर बॅटरी. १५ इंच व्यासाच्या तीन तोफांचा हा मोर्चा ब्रिटिश साम्राज्याच्या पूर्वेकडील सर्वांत मोठ्या आरमारी तळाचा पहारेकरी होता.

या तोफांविषयी एक दंतकथा जगभर प्रसिद्ध आहे. सिंगापूरच्या तोफांची तोंडे समुद्राकडे होती, जपानी सैन्य पाठीमागून जमिनीवरून आले, आणि तोफांना मागे वळताच येत नसल्यामुळे सिंगापूर पडले, अशी ती कथा. ऐकणाऱ्याला ती पटते, कारण तिच्यात मूर्खपणाचे खापर कोणा अज्ञात अभियंत्याच्या डोक्यावर फुटते आणि राज्यकर्ता वर्ग नामानिराळा राहतो. वस्तुतः ही कथा खरी नाही. जोहोर बॅटरीच्या तोफांना जमिनीच्या दिशेने वळता येत होते. त्या वळल्या आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी जपानी सैन्यावर माराही केला. तरीही सिंगापूर पडले. तेव्हा प्रश्न तोफांच्या दिशेचा उरत नाही. तोफा उभारणाऱ्यांची दृष्टी कोणत्या दिशेला होती, हा खरा प्रश्न आहे. ती दृष्टी समजून घ्यायची, तर आधी या तोफांचा जमाखर्च पाहिला पाहिजे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटन विजयी, पण कर्जबाजारी झाले होते. अटलांटिक आणि पॅसिफिक अशा दोन्ही महासागरांत दोन स्वतंत्र आरमारे ठेवणे त्याला परवडणारे नव्हते. म्हणून असे ठरले, की आरमार युरोपात ठेवावे आणि पूर्वेला एक सुसज्ज तळ बांधावा. संकट आले की आरमार तिकडे धाडावे आणि ते पोहोचेपर्यंत किनाऱ्यावरील तोफांनी तळ राखावा. १९२१ साली या कल्पनेला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेंबावांग येथे जागा निश्चित झाली. आरमार येण्यास ४२ दिवस लागतील, असा आरंभीचा हिशेब होता. पुढे तो ७० दिवसांवर, मग ९० दिवसांवर आणि सप्टेंबर १९३९ मध्ये १८० दिवसांवर गेला. तोफा त्याच राहिल्या. ज्या आरमाराची त्या वाट पाहणार होत्या, ते मात्र कागदावर दूर दूर सरकत गेले.

यासाठी पैसा कोठून आला? जमीन स्ट्रेट्स सेटलमेंट्सच्या वसाहत सरकारने फुकट दिली. हाँगकाँगने २ लाख ५० हजार पौंड दिले. मलायातील संघटित संस्थानांनी २० लाख पौंड दिले. न्यूझीलंडने १० लाख पौंड दिले. जोहोरचे सुलतान इब्राहिम यांनी १९३५ साली पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५ लाख पौंडांची भेट दिली. तिच्यातील ४ लाख पौंड या १५ इंची तोफांवर खर्च झाले आणि कृतज्ञता म्हणून मोर्च्याला जोहोरचे नाव मिळाले.

या यादीत न्यूझीलंडचा अपवाद वगळला, तर निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींनी चर्चा करून मंजूर केलेली रक्कम एकही नाही. संघटित संस्थानांच्या मंडळात नेमलेले सदस्य बसत. सुलतानांच्या देणगीबद्दल जोहोरच्या रयतेला कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मलायाची संपत्ती म्हणजे रबर आणि कथील. जगातील रबराचा एकतृतीयांशाहून अधिक आणि कथलाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा त्या काळी या एका देशातून निघत असे. रबराच्या झाडाला पहाटे चीर देणारा तमिळ मजूर आणि कथलाच्या खाणीत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहणारा चिनी मजूर, यांच्या श्रमांतूनच ते पौंड निर्माण झाले होते. ज्यांच्या घामातून तोफ उभी राहिली, त्यांना तिचे रक्षण कोणासाठी आहे, हे विचारण्याचा अधिकार नव्हता. वसाहतीच्या अर्थकारणाचे स्वरूप या एका व्यवहारात पुरते दिसते.

या इतिहासात समाजवाद्यांनी लक्षात ठेवावे असे एक प्रकरण आहे. १९२४ साली ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे पहिले सरकार आले. पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांच्या सरकारने सिंगापूरच्या तळाचे काम थांबवले. आंतरराष्ट्रीय सहकार्यावर विश्वास ठेवून शस्त्रस्पर्धेला आळा घालावा, ही त्यामागची भूमिका होती आणि ती प्रामाणिक होती. परंतु त्याच वर्षअखेर हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि काम पुन्हा सुरू झाले. १९२९ साली मजूर पक्ष पुन्हा आला तेव्हा काम पुन्हा मंदावले. पण या दोन्ही वेळा मूळ प्रश्नाला हात घातला गेला नाही. तळ हवा की नको, यावर वाद झाला. ज्या साम्राज्यासाठी तळ हवा होता ते हवे की नको, यावर झाला नाही. साम्राज्य कायम ठेवून त्याच्या पहाऱ्याचा खर्च तेवढा कमी करणे, याला फार तर काटकसर म्हणता येईल. समाजवादी धोरण त्याहून वेगळे असते.

दुसरा वाद तोफा की विमाने, हा होता. हवाई दलाचे प्रमुख ट्रेंचर्ड यांचे म्हणणे असे, की पाणतीर टाकणारी विमाने तोफांपेक्षा दूरवर मारा करू शकतात आणि गरज पडेल तिकडे नेता येतात. आरमार आणि भूदल यांचा आग्रह तोफांचा होता. हा वाद वर्षानुवर्षे चालला. १९२६ साली पहिल्या टप्प्यात तीन १५ इंची तोफा बसवाव्यात अशी तडजोड झाली, तरीही कामास विलंब लागला. अखेर १९३२ साली बॉल्डविन यांच्या समितीने तोफांच्या बाजूने कौल दिला. या वादातील प्रत्येक पक्ष आपापल्या दलाचा अर्थसंकल्प राखत होता. देशाचे रक्षण आणि खात्याचे रक्षण यांची गल्लत होण्याचा हा प्रकार केवळ ब्रिटनपुरता नाही.

१९३८-३९ पर्यंत हे सारे उभे राहिले. जोहोर बॅटरीत तीन आणि पश्चिमेकडील बुओना व्हिस्टा बॅटरीत दोन, अशा १५ इंची पाच तोफा झाल्या. त्यांखेरीज ९.२ इंची आणि ६ इंची तोफा होत्याच. १५ इंची तोफेची नुसती नळी सुमारे १०० टनांची. गोळ्याचे वजन ८०० किलोहून अधिक. पल्ला ३० किलोमीटरच्या पलीकडे. ब्रिटनच्या मोठ्या युद्धनौकांवर याच जातीच्या तोफा असत. १४ फेब्रुवारी १९३८ रोजी तळावरील प्रचंड सुक्या गोदीचे थाटात उद्घाटन झाले. सिंगापूर अभेद्य आहे, असे वर्तमानपत्रे लिहू लागली.

याच सुमारास मलायातील सैन्याचे प्रमुख जनरल डॉबी आणि त्यांचे सहायक पर्सिव्हल यांनी एक निराळा निष्कर्ष काढला होता. शत्रू सिंगापूरवर समुद्रातून चालून येणार नाही. तो सयाम आणि मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरेल, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळातही उतरू शकेल, आणि द्वीपकल्पातून खाली येऊन पाठीमागून वार करेल. जोहोरचे जंगल अभेद्य आहे ही समजूतही डॉबींनी खोडून काढली. पुढे जे घडले ते अक्षरशः असेच घडले. म्हणजे शत्रू कोठून येईल हे कोणालाच कळले नव्हते, असे म्हणता येत नाही. डॉबींच्या मागणीनंतर जोहोरमधील मोर्चेबंदीसाठी मंजूर झालेली रक्कम होती ६० हजार पौंड. तिच्यातील सुमारे २३ हजार पौंड खर्च झाले, डॉबींची बदली झाली आणि काम थंडावले. समुद्राकडे पाहणाऱ्या तोफांवर ४ लाख पौंड, आणि मागच्या दाराच्या रक्षणासाठी प्रत्यक्ष खर्च त्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढा. राज्यसंस्था काय बोलते यापेक्षा ती पैसा कोठे खर्च करते, यावरून तिची श्रद्धा कळते.

असे का झाले? त्याचे एक उत्तर लष्करी आहे : आरमार येईल यावरील अंधविश्वास. दुसरे उत्तर सामाजिक आहे आणि ते अधिक खोल आहे. तोफा चालवायला मूठभर प्रशिक्षित माणसे पुरतात. सबंध देशाचे रक्षण करायचे तर देशातील जनतेला सामील करून घ्यावे लागते, तिच्या हाती शस्त्र द्यावे लागते, आणि त्याआधी तिच्याशी माणसासारखे वागावे लागते. मलायातील राज्यकर्त्यांना हेच नको होते.

१९४१ सालच्या उन्हाळ्यातील एक घटना पाहा. सेलांगोरमधील क्लांग भागातील रबराच्या मळ्यांवर भारतीय मजुरांनी संप पुकारला. चिनी मजुरांइतकी मजुरी मिळावी, जुलमी मुकादम काढून टाकावेत, या त्यांच्या मागण्या होत्या. गोरा मळेवाला समोरून आला की मजुराने सायकलवरून उतरले पाहिजे ही रीत बंद करावी, अशीही एक मागणी होती. सरकारने पुढाऱ्याला पकडून हद्दपार केले, लष्कर बोलावले, आणि गोळीबारात मजूर मारले गेले. जपानी आक्रमणाला तेव्हा जेमतेम सात महिने उरले होते. ज्या मजुराला सायकलवर बसून मालकासमोरून जाण्याइतकाही मान नव्हता, त्याने त्या मालकाच्या राज्यासाठी प्राण पणाला लावावेत, अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करता येईल?

सैन्यातही तीच गोष्ट. मलायाच्या रक्षणासाठी आलेल्या सैन्यात भारतीय जवानांची संख्या फार मोठी होती. त्यांचा पगार गोऱ्या शिपायापेक्षा कमी. भारतीय अधिकाऱ्याला राजाची सनद असली तरी मलायातील अनेक गोऱ्या क्लबांत त्याला प्रवेश नसे. युद्ध सुरू झाल्यावर खंदक खणायला मजूर हवे होते. पण सैन्याने द्यायच्या मजुरीचा दर वरून ठरलेला, बाजारभावापेक्षा कमी. तो वाढवण्याविषयी पत्रव्यवहार चालू राहिला आणि खंदक तसेच राहिले. मुख्य अभियंता सिम्सन यांनी बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर मोर्चेबंदी करण्याचा आग्रह धरला, तेव्हा तोवर सरसेनापती झालेल्या पर्सिव्हल यांनी नकार दिला. त्यामुळे सैन्याचे आणि नागरिकांचे मनोधैर्य खचेल, असे कारण त्यांनी दिले. हेच ते पर्सिव्हल, ज्यांनी पूर्वी धोका अचूक ओळखला होता.

८ डिसेंबर १९४१ च्या पहाटे जपानी सैन्य मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर कोटा बारू येथे उतरले. १० डिसेंबरला प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन महान युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. रिपल्सवर जोहोर बॅटरीसारख्याच १५ इंची तोफा होत्या. आकाशातून आलेल्या पाणतिरांपुढे त्यांचा काही उपयोग झाला नाही. जानेवारीअखेर ब्रिटिश सैन्य द्वीपकल्प सोडून बेटावर आले आणि ३१ जानेवारी १९४२ रोजी त्यांनी बेटाला जोडणारा बांध सुरुंगाने उडवला. ज्याच्या रक्षणासाठी हा सारा खटाटोप केला, तो आरमारी तळ सामुद्रधुनीच्या काठावर शत्रूच्या माऱ्यात आला आणि लढाईपूर्वीच सोडून द्यावा लागला. ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी सैन्याने वायव्य किनाऱ्यावर उतरण्यास सुरुवात केली.

जोहोर बॅटरीच्या ज्या तोफांना फिरता येत होते, त्या आता फिरल्या आणि बेटावरून जोहोरच्या दिशेने आणि पुढे बेटाच्या पश्चिम भागावर मारा करू लागल्या. त्यांचे गोळे मात्र बहुतांशी चिलखतभेदी होते. युद्धनौकेची पोलादी भिंत फोडून आत स्फोट करण्यासाठी ते बनवले होते. मऊ मातीत ते खोल रुतत आणि पायदळावर त्यांचा परिणाम फारसा होत नसे. तोफा वळवता आल्या, पण ज्या युद्धाची कल्पना करून गोळे साठवले होते ते युद्ध ऐनवेळी बदलता आले नाही. अखेर तोफांच्या पथकांनीच त्या निकामी केल्या आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. जपानी आरमाराने सिंगापूरवर समोरून हल्ला केला नाही, याचे काही श्रेय या तोफांना आहे. त्या होत्या म्हणूनच शत्रूला शेकडो मैलांचा भूमार्ग धरावा लागला. तेव्हा तोफा निरुपयोगी होत्या असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. त्यांनी आपल्या वाटणीचे काम केले. त्यांच्यामागे जे असायला हवे होते, ते तेथे नव्हते.

अगदी शेवटच्या आठवड्यांत राज्यकर्त्यांना जनतेची आठवण झाली. चिनी राजकीय कैद्यांना तुरुंगातून सोडण्यात आले, चिनी स्वयंसेवकांचे पथक घाईघाईने उभारण्यात आले आणि त्यांच्या हाती शिकारीच्या बंदुका देण्यात आल्या. ते शौर्याने लढले. शरणागतीनंतर जपान्यांनी सूड घेतला आणि हजारो चिनी पुरुषांना समुद्रकिनाऱ्यांवर नेऊन ठार केले. त्या किनाऱ्यांपैकी एक होता चांगीचा, जोहोर बॅटरीच्या शेजारचा. तमिळ मजुरांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेण्यात आले आणि तेथे ते हजारोंनी मेले. एका साम्राज्याचा पराभव म्हणजे जनतेची मुक्ती नव्हे, हेही सिंगापूरने शिकवले.

या इतिहासाचा धागा पुढे आपल्या देशापर्यंत येतो. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूरच्या फॅरर पार्क मैदानात ४० हजारांहून अधिक भारतीय सैनिकांना गोऱ्या सैनिकांपासून वेगळे करून जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. तेथून आझाद हिंद सेनेचा उगम झाला. सर्वच सैनिक तिच्यात गेले नाहीत. अनेकांनी नकार दिला आणि हालअपेष्टा सोसल्या, त्यांच्याही निष्ठेचा आदर केला पाहिजे. परंतु साम्राज्याचा शिपाई साम्राज्याचाच राहील, हा भरवसा त्या मैदानात संपला. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि देश ढवळून निघाला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांनी उठाव केला. चांगले अन्न, गोऱ्या नाविकांच्या बरोबरीने वेतन आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, या त्यांच्या मागण्या होत्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर आला आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बंदराच्या रक्षणासाठी असलेल्या युद्धनौकांच्या तोफा आता राज्यकर्त्यांच्या हाती राहिल्या नव्हत्या. १९४२ मध्ये सिंगापूरला जी भेग पडली, ती चार वर्षांत मुंबई बंदरापर्यंत आली.

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? शस्त्रे नकोत, असा भाबडा धडा यातून निघत नाही. स्वतंत्र देशाला संरक्षण हवे आणि त्यासाठी खर्चही करावा लागतो. परंतु संरक्षणाची प्रत्येक मागणी समोर आली की तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकशाहीने बजावला पाहिजे. हे रक्षण कोणाचे? ते कोणत्या धोक्यापासून? आणि ते कोणाच्या पोटाला चिमटा काढून? लोकसभेत कोट्यवधी रुपयांच्या मागण्या अनेकदा चर्चेविना मंजूर होतात. प्रश्न विचारणाऱ्याच्या देशप्रेमावर शंका घेतली जाते. सिंगापूरमध्ये प्रश्न विचारू शकणारी सभाच नव्हती, म्हणून डॉबींचा इशारा फायलीत पडून राहिला. आपल्याकडे सभा आहे. तिने मौन पाळले तर तिचा उपयोग काय?

सीमेवरचा जवान हा कोणाचा तरी मुलगा असतो, बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा मजुराचा. त्याच्या घरी रेशन वेळेवर मिळते का, त्याच्या बहिणीला शाळा आहे का, त्याच्या बापाला रोजगार हमीची मजुरी पुरती मिळते का, हे प्रश्न संरक्षणाच्या हिशेबाबाहेरचे मानले जातात. वस्तुतः ते त्या हिशेबातील पहिल्या ओळीचे आहेत. हा हिशेब सिंगापूरमध्ये कोणी मांडला नाही. आपल्या तालुक्यात, आपल्या ग्रामसभेत आणि आपल्या विधिमंडळात तो मांडायला लावणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.